कंट्रोल दाबल्यावर ‘म’चं काय होतं?

मराठीच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेत ‘अंजनवेल’ लिहायला सात कळा लागतात. शिफ्टसह डी दाबली की अ, एक्सवर अनुस्वार, पीवर ज, व्हीवर न, बीवर व, एसवर एकाराची मात्रा आणि एनवर ल. गुहागर तालुक्यातलं, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं, गोपाळगडाचं हे गाव. पण त्याचं नाव इथे घेतलं आहे ते त्या सात कळांसाठी. कोड लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांना या सगळ्या कळा आधीपासून वेगळ्याच कामासाठी ठाऊक असतात. कंट्रोलबरोबर एक्स दाबली की मजकूर कापला जातो आणि व्ही दाबली की चिकटवला जातो. एस म्हणजे सेव्ह, एन म्हणजे नवी फाईल. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-पीने फाईल शोधून उघडता येते, कंट्रोल-बीने बाजूची पट्टी उघडते आणि मिटते. कंट्रोल आणि शिफ्टसह डी दाबली की चुका शोधण्याचा विभाग समोर येतो. गावाच्या नावातली एकही कळ रिकामी नाही.

समजा, कुणी अंजनवेलच्या दीपगृहाची माहिती देणारं मराठी पान तयार करतो आहे. कीबोर्डची रचना मराठी आहे. नाव लिहून झालं आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. आता संगणकाने काय समजायचं? ‘सेव्ह कर’, की ‘कंट्रोलसह एकार’? दुसऱ्या गोष्टीला काही अर्थच नाही. तरीही कित्येक प्रोग्रॅम तीच समजून घेतात आणि गप्प बसतात. फाईल सेव्ह होत नाही, चूक झाल्याचा निरोपही येत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, कळ नीट दाबली गेली नसेल.

हे का घडतं ते समजून घ्यायला एका कळेचा प्रवास पाहावा लागतो. सी या कळेचं उदाहरण घेऊ. इनस्क्रिप्टमध्ये तिच्यावर म आहे.

कीबोर्डला अक्षर ठाऊकच नसतं. त्याला ठाऊक असते फक्त जागा. सी दाबली की जुन्या पीसीच्या पद्धतीत कीबोर्ड 46 हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ इतकाच, की खालच्या ओळीतली अमुक कळ दाबली गेली. कळेवर सी छापलेला असो, म छापलेला असो की काहीच छापलेलं नसो, आकडा तोच राहतो. विंडोज त्या जागेला आपल्या यादीतला एक मधला क्रमांक देते, सीसाठी 67. त्यानंतर चालू असलेली रचना पाहून अक्षर ठरतं. रचना इंग्रजी असेल तर सी, मराठी असेल तर म. आणि युनिकोडमध्ये मचा क्रमांक आहे 2350. म्हणजे ‘कोणती कळ दाबली?’ या एका प्रश्नाची तीन खरी उत्तरं संगणकात एकाच वेळी हजर असतात: 46, 67 आणि 2350. शॉर्टकट चालणार की नाही हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यांतलं कोणतं उत्तर विचारलं यावर ठरतं.

जागा आणि नाव वेगळं असणं अंजनवेलच्या परिसरातल्या माणसाला नवीन नाही. एन्रॉनचा वीजप्रकल्प जगभर ‘दाभोळ’ या नावाने गाजला. दाभोळ हे बंदर खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो अलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला, गुहागर तालुक्यात. ज्याला तिथे पोहोचायचं आहे त्याला नावावर विसंबून चालत नाही, जागा विचारावी लागते. शॉर्टकटचंही तसंच आहे. मजकूर लिहिताना अक्षर हवं असतं. आज्ञा देताना बहुतेक वेळा जागा पुरेशी असते.

‘बहुतेक वेळा’ असं जपून म्हणतो, कारण शॉर्टकट जन्माला आले ते अक्षरांतून. 1963 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्की संकेतात मोठ्या सीचा क्रमांक 67 आहे. टर्मिनलवर कंट्रोलसह सी दाबली की त्यातून 64 वजा होतात आणि 3 हा नियंत्रण-संकेत निघतो. चालू असलेला प्रोग्रॅम थांबवायला आजही हाच 3 पाठवला जातो. ही वजाबाकी रोमन अक्षरांच्या त्या छोट्या यादीपुरतीच आहे. मच्या 2350मधून काहीही वजा केलं तरी असा संकेत निघत नाही, कारण तो संकेत ठरला तेव्हा देवनागरीचा विचारच झाला नव्हता.

कापा-चिकटवा यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात ही कल्पना घडवली. पुढे 1983च्या अ‍ॅपल लिसा संगणकावर झेड, एक्स, सी आणि व्ही या चार कळा तिला मिळाल्या. सी म्हणजे कॉपी, इतकं अक्षराशी जुळतं. व्हीचा पेस्ट या शब्दाशी अक्षराचा काही संबंध नाही. ती सीच्या शेजारी आहे आणि चारही कळा डाव्या हाताखाली एका ओळीत येतात. जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शॉर्टकट असा अर्धा अक्षरावर आणि अर्धा जागेवर उभा आहे. ज्यांच्या लिपीत सी नाही त्यांच्यासाठी जागेवर भर द्या, ही मागणी म्हणून मुळीच परकी नाही.

वेगवेगळ्या संगणकप्रणालींनी हा प्रश्न वेगवेगळ्या थरावर सोडवला. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्टमध्ये शेवटचं अक्षर बदलतं, पण मधला क्रमांक इंग्रजी रचनेचाच राहतो. त्यामुळे नोटपॅडमध्ये मराठी चालू असतानाही कंट्रोल-सी नीट चालतं. मॅकवर याहून नेटकी सोय आहे: कमांड कळ दाबून ठेवली, की बऱ्याच बिगर-रोमन रचना तेवढ्यापुरत्या रोमन होतात आणि कळ सोडली की परत आपल्या लिपीत येतात. लिनक्सवर मात्र चिन्हाला जास्त मान आहे. मराठी रचना चालू असेल तर प्रोग्रॅमला म मिळतो आणि तो सी शोधत राहतो. मग खिडक्या आणि बटणं पुरवणारे साधनसंच यादीतल्या दुसऱ्या रचनांमध्ये डोकावतात आणि तिथे सी सापडला तर काम भागवतात. लिनक्सच्या यादीत एकटी मराठी रचना न ठेवता सोबत इंग्रजीही ठेवावी, ती या कारणासाठी.

इथपर्यंत पाहिलं तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो पुन्हा उभा राहिला तो ब्राउझरमुळे. आजचे बरेच कोड एडिटर ब्राउझरच्या तंत्रावर बांधलेले आहेत. 2015 साली आलेला व्हीएस कोडही त्यातलाच. ब्राउझर प्रत्येक कळेबद्दल प्रोग्रॅमला दोन गोष्टी सांगतो. एक ‘की’, म्हणजे उमटलेलं अक्षर: म. दुसरी ‘कोड’, म्हणजे कळेची जागा: ‘की-सी’. मराठी रचना चालू असतानाही दुसरं उत्तर बदलत नाही. पण घाईत प्रोग्रॅम लिहिणारा ‘कंट्रोल दाबलेलं आहे आणि की बरोबर सी आहे’ एवढीच अट लिहितो. त्याच्या इंग्रजी कीबोर्डवर ती पहिल्याच फटक्यात चालते. तपासणी झाली, काम संपलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मराठी लिहिणाऱ्याकडे ती कधीच चालणार नाही, विंडोजने खालच्या थरावर कितीही चोख काम केलेलं असलं तरी. मधला जुना क्रमांक ब्राउझर अजून देतो, पण नव्या कामात तो वापरू नका असं वेबची मानकंच सांगतात.

मग सरळ सगळीकडे जागाच का वापरू नये? कारण जर्मनी आणि फ्रान्स. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. केवळ जागेवर विसंबलं तर ‘केलेलं मागे घ्या’ हा कंट्रोल-झेड जर्मन माणसाला वाय छापलेल्या कळेवर शोधावा लागेल. फ्रेंच कीबोर्डवर ए आणि क्यू एकमेकांच्या जागी असतात. तिथे ‘सगळं निवडा’ ऐवजी ‘प्रोग्रॅम बंद करा’ होण्याची भीती खरी आहे. चिन्हांची कथा आणखी गुंतागुंतीची. जर्मन कीबोर्डवर चौकटी कंस उघडायला ऑल्ट-जीआर आणि 8 लागतात, तिरपी रेघ शिफ्ट आणि 7 वर आहे. ओळीला टिप्पणी बनवणारं कंट्रोल आणि तिरपी रेघ हे जोडपं तिथे सोयीचं नाही, म्हणून विंडोजवरच्या व्हीएस कोडमध्ये जर्मन माणूस त्या कामासाठी कंट्रोल आणि # दाबतो.

मराठीचा प्रश्न या सगळ्यांहून सोपा आहे, आणि हे मी ठासून सांगतो. आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी क्वर्टी पद्धतीचेच असतात. कळांवर इंग्रजी अक्षरंच छापलेली असतात. मराठी अक्षरं असली तर त्यांच्या शेजारी. कळेची जागा आणि तिच्यावरचं रोमन अक्षर आपल्याकडे भांडतच नाहीत. एडिटरने ‘कंट्रोल-एस’ असं मेनूत दाखवलं, तर लिहिणाऱ्याला एस कुठे आहे ते दिसतं. जर्मन माणसासाठी एडिटरला खरोखर डोकं खाजवावं लागतं. मराठी माणसासाठी एकच नियम पुरतो: कळेतून रोमन अक्षर निघत असेल तर अक्षर घ्या, निघत नसेल तर जागा घ्या.

हा नियमही लावताना एक खाच आहे. तो एकेका कळेला वेगळा लावला तर गोंधळ होतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ आपापली चिन्हंच देते. त्यांचे शेजारी मात्र बदललेले आहेत. तिरप्या रेघेवर य, अर्धविरामावर च, अवतरण चिन्हावर ट, चौकटी कंसावर ड. शिफ्ट धरली तर स्वल्पविरामाच्या कळेवरही ष येतो आणि महिरपी कंसाच्या जागी ढ. त्यामुळे ढिसाळ एडिटरमध्ये कंट्रोल-स्वल्पविरामाने सेटिंग उघडतं आणि एकाच कळेच्या अंतरावरचा टिप्पणीचा शॉर्टकट मेलेला असतो. लिहिणारा चक्रावतो, कारण ‘मराठीत शॉर्टकट चालत नाहीत’ असंही म्हणता येत नाही. म्हणून कळेकळेला विचारत बसण्यापेक्षा सबंध रचनेला एकदाच विचारावं: तुझ्यात रोमन अक्षरं आहेत का? नसतील तर शॉर्टकटपुरता सगळा कीबोर्ड इंग्रजी धरावा. मॅकची कमांड कळ नेमकं हेच करते. माझ्या मते आजवरच्या उपायांत तोच सर्वांत सरळ.

कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र आले की वेगळीच अडचण होते. विंडोजवर उजवीकडची ऑल्ट-जीआर ही कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखीच मानली जाते. पोलिश कीबोर्डवर ऑल्ट-जीआर आणि एलने त्यांचं रेघ मारलेलं एल हे अक्षर उमटतं. इंटेलिजे या एडिटरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एल म्हणजे कोड नीट मांडून घेण्याची आज्ञा. दोघांची टक्कर ठरलेलीच. आपल्याकडेही हे आहे. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010च्या जुलैमध्ये स्वीकारलं गेलं आणि विंडोजच्या भारतीय इंग्रजी रचनेत ते ऑल्ट-जीआर आणि 4 वर आलं. म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-4 वर कुणी आज्ञा बसवली, तर भारतीय वापरकर्त्याला रुपया तरी सोडावा लागेल किंवा आज्ञा तरी. एडिटर बनवणाऱ्यांनी कंट्रोल-ऑल्ट या जोडीपासून दूर राहावं हेच बरं.

मराठी छपाईत वर्षानुवर्षं काम केलेली मंडळी इथे हटकून म्हणतील, आम्हाला हा त्रास कधी झालाच नाही. ते खरं आहे, आणि त्याचं कारण शिकण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर हे फक्त चित्र होतं. फाईलमध्ये रोमन अक्षरंच साठवली जात. कृतिदेव या हिंदी फॉन्टात अंजनवेल लिहायचं तर व्ही, ए, टी, यू, ओ, एस, वाय या कळा दाबतात, आणि फाईलमध्येही तीच रोमन अक्षरं पडून राहतात. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच लिहीत असता. मग कंट्रोल-एस का अडेल? त्याची किंमत फार मोठी होती. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा, शोध चालत नाही, अकारविल्हे यादी लागत नाही, एका कार्यालयाची फाईल दुसऱ्या कार्यालयात वाचता येत नाही. युनिकोडने मराठीला संगणकात खरी ओळख दिली. शॉर्टकटची ही अडचण त्या ओळखीबरोबर आली आहे, आणि ती सोडवायची तर युनिकोड न सोडता सोडवली पाहिजे.

रोमनमध्ये लिहून मराठी मिळवणाऱ्यांची वाट तिसरी. विंडोजमध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे. त्यात एक-एक कळ लगेच अक्षर होत नाही. शब्द आधी कच्चा तयार होतो, पर्याय दिसतात, मग तो पक्का होतो. या मधल्या काळात ब्राउझर ‘शब्दाची जुळणी चालू आहे’ अशी खूण देतो. जो प्रोग्रॅम ती खूण पाहत नाही तो पर्याय निवडण्यासाठी दाबलेल्या एंटरला खरा एंटर समजतो आणि अर्धा शब्द घेऊन पुढच्या ओळीत उडी मारतो. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. त्यांनी तक्रारी करून करून बऱ्याच एडिटरांत ही दुरुस्ती करून घेतली. तिचा फायदा आपल्यालाही मिळतो.

जुन्या एडिटरांकडे या बाबतीत जास्त शहाणपण आहे. ईमॅक्समध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट आतच आहे; कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून ते चालू-बंद होतं. अक्षर बदलण्याचं काम एडिटर स्वतः करतो, कंट्रोलच्या आज्ञांना हात लावत नाही, त्यामुळे टक्करच होत नाही. व्हिममध्ये प्रश्न अधिक बिकट, कारण तिथे साधी अक्षरंच आज्ञा असतात. दोनदा डी दाबलं की ओळ पुसली जाते. इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त आहे. दोन हलन्तांनी व्हिमला काहीच कळत नाही. पण त्याच्या ‘कीमॅप’ सोयीत मराठी अक्षरं फक्त लिहिण्याच्या अवस्थेत उमटतात आणि आज्ञेच्या अवस्थेत परतलं की कळा आपोआप रोमन होतात. 

इनस्क्रिप्टबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या वादात त्याची बाजू कुणी मांडत नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली ही रचना मानक म्हणून आणली. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट हे भारतीय लिप्यांचं तंत्र त्यावर काम करणाऱ्या मोहन तांबे यांच्यासह पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि तिथून इनस्क्रिप्ट देशभर पोहोचलं. रचना अशी: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. कचा जो ठोका, तोच शिफ्टसह ख. ग आणि घ, त आणि थ, प आणि फ यांच्या जोड्याही तशाच. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भारतातल्या लिप्यांना जागा एकच. मराठी क ज्या कळेवर आहे त्याच कळेवर बंगाली क, कन्नड क, तमिळ क. ‘जागा महत्त्वाची’ हा विचार या रचनेच्या पायातच आहे. एडिटरने जागा ओळखली, की मराठीबरोबर कन्नड, बंगाली, तेलुगू लिहिणाऱ्या सगळ्यांचे शॉर्टकट एका दुरुस्तीत चालू होतात. इतक्या थोड्या मेहनतीत इतक्या माणसांची सोय होणारी दुरुस्ती विरळाच.

वापरणाऱ्याच्या हातात आज काय आहे तेही सांगतो. व्हीएस कोडमध्ये शॉर्टकटच्या फाईलमध्ये अक्षराऐवजी जागा लिहिता येते. जागेचं नाव चौकटी कंसात घालायचं, म्हणजे रचना कोणतीही असो, कळ तीच राहते. ‘कीबोर्ड डॉट डिस्पॅच’ नावाचं एक सेटिंगही आहे, ज्यात जागा पाहायची की मधला क्रमांक हे निवडता येतं. कोणता शॉर्टकट का चालला नाही हे पाहायला त्यात कीबोर्ड शॉर्टकटच्या तपासाची आज्ञा आहे. ती चालू केली की प्रत्येक कळेचा हिशेब समोर दिसतो. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मराठी रचना चालू करून ‘अंजनवेल’ लिहावं आणि मग कंट्रोल धरून त्याच कळा एकेक दाबून पाहाव्यात. कापणं, चिकटवणं, सेव्ह आणि नवी फाईल एवढ्या चार गोष्टी चालल्या, तरी मोठं काम झालं. त्यानंतर तिरपी रेघ आणि चौकटी कंस पाहावेत, कारण बहुतेक चुका तिथे दडलेल्या असतात.

आणि चूक सापडली तर कळवा. आपण मराठी लोक कळवत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीत जातो, कंट्रोल-एस करतो, परत मराठीत येतो, आणि दिवसभर हेच करत राहतो. एडिटर बनवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी मराठीत कोणी कोड लिहीतच नाही. तक्रार लिहिताना चार गोष्टी नेमक्या लिहा: संगणकप्रणाली कोणती, कीबोर्ड रचनेचं पूर्ण नाव काय, कोणत्या कळा दाबल्या आणि काय व्हायला हवं होतं. ‘मराठीत चालत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार बाजूला पडते. ‘मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना कंट्रोल आणि य, म्हणजे तिरप्या रेघेची कळ, दाबल्यावर टिप्पणी होत नाही’ अशी लिहिलेली तक्रार वाचणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर लगेच करून पाहता येते, आणि जी चूक समोर दिसते ती दुरुस्त होते.